आपले भविष्यपुराण लिहिणार कोण?

१५ ऑगस्ट २०४७ रोजी आपल्या स्वातंत्र्यास शंभर वर्षे पूर्ण होतील. त्या वर्षीचा भारत कसा असावा याविषयी शासनाचे संकल्प आहेत, नियोजनकारांचे आराखडे आहेत, आणि व्यासपीठांवरून होणारी भाषणे तर गणतीपलीकडची आहेत. पण तो भारत दिसेल कसा, त्याच्या नद्यांत पाणी असेल की नसेल, त्यातली माणसे कशावरून भांडतील आणि कशाच्या आशेवर जगतील, हे सांगणे शासनाचे काम नव्हे. ते कादंबरीकाराचे काम. २०४७च्या भारताचे असे सविस्तर, अंगावर येणारे चित्र माझ्या वाचनात आले ते एकाच कादंबरीत. तिचे नाव 'रिव्हर ऑफ गॉड्स'. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. ती इंग्रजीत आहे आणि तिचे लेखक इयान मॅकडोनाल्ड हे उत्तर आयर्लंडचे रहिवासी आहेत.

या कादंबरीतला भारत एकसंध राहिलेला नाही. त्याची शकले झाली आहेत. 'भारत' हे नाव लावणारे एक राज्य उरले आहे आणि त्याची राजधानी वाराणसी आहे. शेजारच्या अवधने गंगेवर धरण बांधले आहे, पाऊस वर्षानुवर्षे दगा देतो आहे आणि पाण्यावरून दोन राज्ये युद्धाच्या उंबरठ्यावर उभी आहेत. पूर्वेकडे बंगाल तर पावसाला भुलवण्यासाठी समुद्रातून हिमनग ओढून आणतो आहे. मानवनिर्मित बुद्धी इतकी प्रगल्भ झाली आहे की, मर्यादा ओलांडणाऱ्या यंत्रबुद्धीला शोधून नष्ट करण्यासाठी खास पोलीस नेमावे लागले आहेत आणि लोक त्यांना 'कृष्ण पोलीस' म्हणतात. याच कादंबरीत 'शिवाजी' नावाचा एक हिंदू पक्ष आहे, त्याची रथयात्रा आहे, आणि त्याचा जनमानसावर गारूड करणारा नेता अखेरीस हाडामांसाचा माणूसच नसून यंत्रबुद्धीने रचलेला आभास निघतो!

हे वाचून आपल्यापैकी अनेकांच्या कपाळावर आठी उमटेल. महाराजांचे नाव अशा रीतीने वापरलेले पाहून संतापही येईल. तो येणे स्वाभाविक आहे. पण संताप ओसरल्यावर एक प्रश्न शांत चित्ताने स्वतःस विचारावा. या परदेशी लेखकाने आपला उद्याचा भारत चुकीचा रंगवला असेल, तर बरोबर कोणी रंगवला? त्याच्या वाराणसीपुढे ठेवावी अशी आपली पुणे, आपली नाशिक, आपली नागपूर नगरी कोणत्या मराठी कादंबरीत आहे? निषेधाचे पत्रक एका सायंकाळी लिहून होते. सहाशे पानांचे जग उभे करायला वर्षे लागतात, आणि ती वर्षे त्या लेखकाने दिली.

दुसरे उदाहरण याहून ताजे आणि याहून बोचरे आहे. किम स्टॅनले रॉबिन्सन या अमेरिकी लेखकाची 'द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर' ही कादंबरी २०२० साली आली. तिचे पहिलेच प्रकरण उत्तर प्रदेशातील एका गावात घडते. उष्णतेची लाट आली आहे, वीज गेली आहे आणि हवेतील दमटपणा वाढत चालला आहे. येथे एक शास्त्रीय गोष्ट ध्यानात घ्यावी. माणसाचे शरीर घामावाटे थंड होते. ओले फडके गुंडाळलेल्या तापमापीवर पारा ३५ अंश सेल्सिअसला पोहोचला, म्हणजे घाम वाळेनासा होतो. मग सावलीत बसलेला, पाणी पीत असलेला धडधाकट माणूसही काही तासांत मरतो. रॉबिन्सन यांच्या गावात नेमके हेच होते. लोक तळ्यात उतरतात, तर तळ्याचे पाणीच अंगापेक्षा गरम. सकाळी जिवंत राहतो तो एक परदेशी मदतनीस. त्या आठवड्यात देशभर दोन कोटी माणसे मरतात. त्यानंतर भारत जगाची परवानगी न घेता वातावरणाच्या वरच्या थरांत धूलिकण फवारून सूर्याचा ताप कमी करतो. देशात सत्तांतर होऊन भारतीय जनता पक्ष पायउतार होतो. 'कालीची मुले' नावाची सूडाने पेटलेली संघटना जन्माला येते आणि जगातील प्रदूषणकर्त्यांच्या मागे लागते.

पुन्हा तेच. यातील राजकारण आपल्यास पटण्यासारखे नाही, कालीमातेच्या नावाचा वापर तर परदेशी लेखकांच्या जुन्याच खोडीतला आहे. ठगांच्या कथांपासून ही काली पाश्चात्त्य कादंबऱ्यांतून रक्त मागत फिरते आहे. तिला अजून दुसरे काम मिळालेले नाही. परंतु तो उष्मा? तो उष्मा खोटा आहे, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? मे २०१०मध्ये अहमदाबादेत आलेल्या उष्णतेच्या लाटेत तेराशेहून अधिक अतिरिक्त मृत्यू झाल्याचे संशोधकांनी नंतर दाखवून दिले आणि त्यातूनच २०१३ साली त्या शहराने उष्माघातविरोधी कृती आराखडा आखला, जो दक्षिण आशियातला पहिला ठरला. दूर कशाला जावे? १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला भर उन्हात बसलेल्या लाखोंच्या समुदायातील चौदा श्रीसदस्यांनी उष्माघाताने प्राण गमावले. समुद्राकाठची दमट हवा, वैशाखाच्या तोंडावरचे ऊन आणि डोक्यावर छप्पर नाही. रॉबिन्सन यांच्या पहिल्या प्रकरणाचा तो लहानसा, पण खराखुरा नमुना होता. आपल्याकडे त्यावर अग्रलेख आले, आरोप झाले, प्रत्यारोप झाले आणि पुढच्या पावसाबरोबर सारे वाहून गेले. खारघरच्या त्या मैदानातून निघून पन्नास वर्षे पुढे जाणारी कादंबरी मला मराठीत भेटलेली नाही. हे दुःख रॉबिन्सन यांच्या राजकारणाहून मोठे आहे.

भारतीय लेखक इंग्रजीत असे लेखन करीत नाहीत, असे नाही. प्रयाग अकबर यांची 'लैला' २०१७ साली आली. जातीजमातींनी आपापल्या वस्त्यांभोवती उंच भिंती बांधल्या आहेत, शुद्धतेच्या नावाने माणसे विलग केली जात आहेत आणि एक आई आपल्या हरवलेल्या मुलीला शोधते आहे, असे तिचे कथानक. २०१९ साली त्यावर नेटफ्लिक्सने मालिका काढली आणि त्या राज्यास 'आर्यावर्त' असे नाव बहाल केले. मालिकेचा रोख कुणावर होता हे सांगावयास नको. मूळ कादंबरी मात्र मालिकेपेक्षा अधिक प्रामाणिक आहे. आपल्या शहरांतील कुंपण घातलेल्या वसाहती आणि 'आमच्यातल्यांनाच घर देऊ' म्हणणाऱ्या गृहसंस्था ज्याने पाहिल्या आहेत, त्यास त्या भिंती ओळखीच्या वाटतील. माझा आक्षेप वेगळा आहे. या वर्गातील लेखकांना भारताचा भविष्यकाळ दिसतो तो बहुधा एकाच रंगात. हिंदू समाजाच्या हाती सामर्थ्य आले की तुरुंग उभा राहणार, हे त्यांचे गृहीतक. मग कथेला शोध घेण्यासारखे काही उरत नाही. ज्या कथेचा निष्कर्ष लेखकास पहिल्या पानाआधीच ठाऊक असतो, ती कथा राहत नाही, आरोपपत्र होते.

मग आपल्या बाजूने उत्तर काय आहे? ग्रंथप्रदर्शनात जाऊन पाहावे. उत्तर म्हणून आपल्या टेबलांवर रचलेले असतात ते पौराणिक नावांच्या साहसकथांचे ढीग. मुखपृष्ठावर पीळदार दंडाचा पाठमोरा योद्धा, हातात त्रिशूळ वा धनुष्य, मागे पेटलेले आकाश. या लाटेचा आरंभ अमीश यांच्या २०१०मधील 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा'पासून झाला. त्यांची शिवत्रयी २०१३ साली पूर्ण झाली, पुढे २०१५ ते २०२२ या काळात रामकथेवरील चार पुस्तके आली, अनेक भारतीय भाषांत अनुवाद झाले आणि मराठी घराघरांत ती वाचली गेली. अमीश यांचे श्रेय मी नाकारीत नाही. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आणि घरी आजी नसलेल्या लक्षावधी मुलांना त्यांनी शिव आणि सती ही नावे परत दिली. इतकेच नव्हे, तर त्यांच्या त्रयीत एक अस्सल विज्ञानकथेचे बीजही आहे. मेलुहाच्या लोकांना दीर्घायुष्य देणारा सोमरस बनवताना सरस्वतीचे पाणी आटत जाते, आणि त्याच्या विषारी गाळाने दूर पूर्वेकडील ब्रंगा देशाच्या नदीकाठी महामारी पसरते. एकाच्या अमृताची किंमत प्रवाहाच्या दुसऱ्या टोकाला दुसराच कोणी मोजतो! ही कल्पना कोणत्याही भाषेतील लेखकाने अभिमानाने मिरवावी अशी आहे.

दुर्दैव असे, की त्यांच्या मागून आलेल्या गर्दीने हे बीज उचलले नाही. उचलला तो केवळ साचा. देवाला मनुष्य करायचे, त्याच्या दैवी शक्तीला रसायनशास्त्राची वा अणुविज्ञानाची ठिगळे लावायची, प्रत्येक अस्त्रास क्षेपणास्त्र म्हणायचे आणि पात्रांच्या तोंडी व्यवस्थापन संस्थेतील तरुणांची भाषा घालायची. यात भक्तीही राहत नाही आणि विज्ञानही. भाविकाला त्यातला देव परका वाटतो, आणि शास्त्र जाणणाऱ्याला त्यातले शास्त्र पोरकट वाटते. हा माल खपतो कारण तो वाचकास काहीही नवे विचारत नाही. आपण थोर होतो, हे ठाऊक असलेलेच त्याला पुन्हा पुन्हा ऐकवतो.

वस्तुतः आमच्या पुराणकर्त्यांनी अद्भुताची जी शिस्त पाळली, ती या नव्या लेखकांनी अभ्यासली असती तर बरे झाले असते. अद्भुतकथेचे जगभरातले समीक्षक आज सांगतात की, जादूलाही नियम हवेत, नाहीतर कथेतला ताण नाहीसा होतो. हे आमच्याकडे कोणी शिकवावे लागत नव्हते. हिरण्यकशिपूचा वर आठवावा. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. माणसाकडून नाही, पशूकडून नाही. अस्त्राने नाही, शस्त्राने नाही. एकेक अट म्हणजे एकेक बंद केलेले दार. आणि मग कथाकार कोणतीही अट न मोडता सर्व अटींच्या मधल्या फटीतून, संध्याकाळी, उंबरठ्यावर, नरसिंहाला आणतो. भस्मासुराचा वर त्याच्याच डोक्यावर उलटतो. शापाला उःशाप असतो, पण शाप रद्द कधीच होत नाही. इतकी काटेकोर रचना करणारी परंपरा ज्यांच्या घरात आहे, त्यांनी 'अचानक एक दिव्य तेज प्रकटले आणि शत्रुसैन्य भस्म झाले' अशा वाक्यावर प्रकरण संपवावे, याला काय म्हणावे?

येथेच एक कटू गोष्ट स्वकीयांनाही सांगितली पाहिजे. 'आमच्याकडे विमाने होतीच' असे म्हणणारा एक वर्ग आपल्यात आहे. त्यांची देशभक्ती निःसंशय आहे. पण वाल्मीकींना आपण आदिकवी म्हणतो. पुष्पक विमान त्यांनी जसे पाहिले तसे लिहून काढले असे एकदा मानले, की आदिकवीचा बातमीदार होतो. ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा दाखला नेहमी दिला जातो, त्या ग्रंथाची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी १९७४ साली केली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या प्राध्यापकांना कोणी हिंदूद्वेष्टे ठरवू नये. आणि समजा, सारे शोध पूर्वीच लागून गेले असतील, तर आता कल्पना करण्याचे कारणच काय उरले? गतवैभवाचा हा अर्थ घेतला की, भविष्यकाळ परक्यांना आंदण देण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तो आपण देऊन बसलो आहोत.

पुराण आणि विज्ञान यांचा संयोग कसा करावा, याचा वस्तुपाठ आमच्याच भाषेत होता. डॉ. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले, तेव्हा त्यांच्या खगोलशास्त्रावर पुष्कळ लिहून आले. त्यांच्या कथांविषयी मात्र दोन-चार ओळींत उरकले गेले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून. परीक्षकांनी नाव न पाहता पारितोषिक दिले. त्याच लेखकाला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले ते २०२१ साली, नाशिकला. तोवर संमेलनांची संख्या ९४ झाली होती. विज्ञानलेखकाला या खुर्चीवर बसवण्यास आमच्या सारस्वतांना एवढा काळ लागावा, यातच सारे आले.

नारळीकरांच्या 'वामन परत न आला'चे शीर्षकच पाहावे. जमिनीखाली एक पेटिका सापडते, तीत एका लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीचे ज्ञान साठवलेले असते, आणि त्या ज्ञानातून घडतो एक बुद्धिमान यंत्रमानव. त्याचे नाव वामन. हे नाव उगाच ठेवलेले नाही. आरंभी लहान दिसणारा, थोडकेच मागणारा आणि बघता बघता तिन्ही लोक व्यापणारा कोण, हे मराठी वाचकाला एका शब्दात कळते. बळीच्या जागी कोण उभा आहे, तेही कळते. गेल्या तीन-चार वर्षांत यंत्रबुद्धीने आपल्या कचेऱ्यांत, शाळांत आणि मुलांच्या हातांतल्या दूरध्वनीत पहिले पाऊल टाकलेले आपण पाहिले. सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची ही कादंबरी आज वाचावी. तिसरे पाऊल कुठे पडणार, हा प्रश्न तिने तेव्हाच विचारून ठेवला आहे. पुराणातील नाव येथे नव्या प्रश्नाला वाट करून देते.

'गंगाधरपंतांचे पानिपत' ही त्यांची कथा तर प्रत्येक अभिमानी मराठी माणसाने वाचलीच पाहिजे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका वेगळ्याच विश्वात जाऊन पडतात. तेथे १७६१च्या पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागतच नाही. ती चाटून जाते, आणि मराठे जिंकतात. एखाद्या सामान्य लेखकाने येथून पुढे काय लिहिले असते, याची कल्पना करावी: अब्दालीचा पाठलाग, काबूलवर भगवा, पानेच्या पाने रणदुंदुभी. नारळीकरांनी काय लिहिले? विजयी पेशव्यांनी युरोपीय तंत्रज्ञानाचे महत्त्व ओळखले आणि विज्ञानाची स्वतःची केंद्रे स्थापन केली. ईस्ट इंडिया कंपनीचा प्रभाव आकसत गेला. पानिपताच्या विजयाचे फळ म्हणून त्यांनी मागितली ती प्रयोगशाळा! अडीचशे वर्षांची जखम असलेल्या समाजाला याहून मोठे स्वप्न कोणी दाखवले आहे काय? आणि गंमत अशी की, हा स्वप्नातला भारतही त्यांनी गुळगुळीत ठेवलेला नाही. अध्यक्षीय भाषणांना विटलेले तेथील लोक सभेतील अध्यक्षाची खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवतात, आणि सवयीने त्या खुर्चीवर जाऊन बसलेल्या गंगाधरपंतांना चांगलाच प्रसाद मिळतो. (संमेलनवाल्यांनी हे मनावर घेतले नाही, हे त्यांचे औदार्य.)

नारळीकरांबरोबर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी एक पिढीच लिहीत होती. अनंत अंतरकरांचे 'नवल' अद्भुत आणि वैज्ञानिक कथांना हक्काचे घर देत होते. त्या पिढीनंतरची फळी विरळ का झाली? एक कारण उघड आहे. आमच्या समीक्षेने विज्ञानकथेला कायम बालवाङ्मयाशेजारच्या पाटावर बसवले. दुसरे कारण असे की, ज्या राष्ट्रीय विचाराच्या मंडळींनी या कथेला हाताशी धरायचे, त्यांनी ऐतिहासिक कादंबरीपलीकडे पाहिले नाही. आमच्या घरातील ग्रंथसंग्रहात शिवकाल आहे, पेशवाई आहे, क्रांतिकारकांची चरित्रे आहेत. त्या कपाटात उद्या नावाचा खणच नाही.

चीनकडे पाहावे. तेथे १९८३च्या सुमारास कम्युनिस्ट राजवटीने विज्ञानकथेस 'आध्यात्मिक प्रदूषण' ठरवून तिची मासिके बंद पाडली. छंगदू येथील एक मासिक तेवढे तगले. त्याच मासिकात २००६ साली ल्यू छशिन यांची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' क्रमशः आली. लेखक शान्शी प्रांतातील एका वीजकेंद्रात संगणक अभियंता म्हणून नोकरीस होते. २०१४ साली इंग्रजी अनुवाद झाला आणि २०१५ साली या कादंबरीने ह्युगो पुरस्कार मिळवला. सर्वोत्कृष्ट कादंबरीचा हा मान मिळवणारी ती आशियातली पहिली. इंग्रजी आवृत्तीची सुरुवात कशाने होते? सांस्कृतिक क्रांतीत आपल्याच विद्यार्थ्यांच्या हातून मरणाऱ्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने. सापेक्षतावाद शिकवला, हाही त्याचा गुन्हा. त्याची मुलगी ते पाहते, माणसांवरचा तिचा विश्वास उडतो, आणि पुढे परग्रहावरील शत्रूला पृथ्वीचे दार तीच उघडून देते. चिनी पुस्तकात हे प्रकरण आतल्या पानांत सरकवावे लागले होते. म्हणजे भीती होतीच. तरीही लेखकाने आपल्या राष्ट्राच्या सर्वांत लाजिरवाण्या जखमेतून आपले आकाश उभे केले. आमच्याही जखमा आहेत. फाळणी आहे, आणीबाणी आहे, आणि शतकानुशतके आपल्याच बांधवांवर लादलेली अस्पृश्यताही आहे. २१४७चा भारत रंगवताना यांपैकी एकही झाकून चालणार नाही.

चीनचे अनुकरण मात्र सर्वस्वी करू नये. २०२३ साली विज्ञानकथेचे जागतिक संमेलन छंगदूला भरले. त्या वर्षीच्या ह्युगोसाठी आर. एफ. क्वांग यांच्या 'बेबल' या कादंबरीस पुरेशी नामांकने मिळूनही ती अपात्र ठरवली गेल्याचे जानेवारी २०२४मध्ये उघडकीस आले. कारण दिलेच नाही. लवकरच हेही बाहेर आले की, कोणत्या लेखकाने चीनविषयी काय लिहिले याची टिपणे काढून देणारे पाश्चात्त्य स्वयंसेवकच होते. स्वातंत्र्याची प्रवचने देणाऱ्यांनी यजमानाची मर्जी राखली ती अशी.

'बेबल' प्रत्येक भाषाप्रेमीने वाचावी अशी कादंबरी आहे. काळ १८३०चे दशक, स्थळ ऑक्सफर्ड. चांदीच्या पट्टीवर दोन भाषांतील समानार्थी शब्द कोरायचे. भाषांतरात जो अर्थ निसटतो, तो त्या चांदीतून शक्ती होऊन प्रकटतो. इंग्रजांचे साम्राज्य या चांदीवर चालते, आणि तिला लागणारे शब्द पुरवण्यासाठी वसाहतींतील हुशार मुले उचलून आणली जातात. त्यांत कलकत्त्याचा एक मुलगाही आहे. कादंबरी शेवटाकडे प्रचारकी होते, गोरे पात्र आले की त्याचे काय होणार हे आधीच कळते. पण मूळ कल्पना! 'माहेर' हा शब्द एका बाजूस आणि त्याचा इंग्रजी पर्याय दुसऱ्या बाजूस कोरला, तर मधून काय प्रकट होईल? 'उष्टे', 'सोवळे', 'ओवाळणे', 'हुरहूर' या शब्दांचे काय होईल? ही कादंबरी वस्तुतः एखाद्या मराठी लेखकाने लिहायची होती. आमची चांदी आमच्याच फडताळात काळी पडली आहे.

भाषेचा प्रश्न निघालाच आहे तर एक व्यावहारिक बाब. मराठीत विज्ञान लिहिता येत नाही, ही सबब आता कोणी सांगू नये. 'दिनांक', 'महापौर', 'चित्रपट' हे सावरकरांच्या भाषाशुद्धीने रूढ केलेले शब्द हसण्यावारी नेणारेच पुढे ते वापरू लागले. 'कृष्णविवर' आज शाळकरी मूलही म्हणते. इस्रोने आपल्या अंतराळयानात पाठवायच्या स्त्रीरूपी यंत्रास 'व्योममित्र' असे सुरेख नाव दिले. साहित्यिकांपेक्षा अभियंत्यांचे कान अधिक तयार आहेत म्हणायचे! 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्द मात्र अहवालात शोभतो, कथेत चालताना अडखळतो. अंगणात येऊन आजीशी बोलणाऱ्या यंत्राला आजी काय हाक मारील, ते शोधणे लेखकाचे काम आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. उद्या तेथे माणसे राहतील, त्यांत एखादा बार्शीचा वा चिपळूणचा असेल. चंद्रावर त्याची चतुर्थी कधी येईल आणि उपवास तो काय पाहून सोडील, याचा विचार कोणी केला आहे?

तेव्हा या साप्ताहिकाच्या संपादकांना माझी विनंती आहे. दिवाळी अंकाची वीस पाने विज्ञानकथेसाठी राखून स्पर्धा जाहीर करावी. अटी मी सुचवतो. कथा २०४७नंतर घडावी. तिच्यात कोणताही देव मनुष्यरूपाने योद्धा म्हणून येऊ नये. पुराणातील नाव वापरायचे असल्यास त्याने कथेत काही काम केले पाहिजे. भारत जिंकला म्हणून कथा संपू नये. जिंकल्यावर काय बिघडले, तेही यावे. नवे यंत्र असेल तर त्याला मराठी नाव हवे आणि ते मोठ्याने वाचता आले पाहिजे. पारितोषिकाची रक्कम ऐतिहासिक कथेच्या पारितोषिकाहून कमी नसावी. प्रवेशिकांवरील नावे झाकलेली असावीत, म्हणजे एखादा नवा जगताप सापडण्यास अडचण येणार नाही. आणि परीक्षकांत पदार्थविज्ञानाचे एक शिक्षक व अठरा वर्षांखालील एक वाचक अवश्य असावा. आमच्या वयाचे दोघे असले तरी पुरेत.